ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस

पावसाळ्याच्या अखेरीस कुठल्याही रुग्णालयातील मुलांच्या वॉर्डात डोकवा, हे दृश्य दिसेल. चार दिवस तापाने फणफणलेल्या मुलाचे अंग पाचव्या दिवशी सकाळी गार लागते. आईचा जीव भांड्यात पडतो. वडील पिशवी आवरायला घेतात. ‘सिस्टर, ताप गेला ना? मग आज घरी नेऊ का?’ असे आई विचारते. सिस्टर मात्र मुलाच्या पायाला हात लावून पाहत असतात. ‘आज नाही, ताई. आता तर खरं बघायचंय. सकाळपासून याने लघवी किती वेळा केली?’

आईला हे कोडेच वाटते. ताप 103 होता तेव्हा सिस्टर दिवसातून चार वेळा येत होत्या. आज ताप नाही, तर दर तासाला येऊन हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधतात. कधी कधी तिला त्याचा रागही येतो. झोपलेल्या लेकराला पुनःपुन्हा कशाला उठवायचे?

या प्रश्नाचे उत्तर डेंग्यूच्या स्वभावात आहे. सर्वसाधारण तापात ताप उतरणे म्हणजे आजार हटणे, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. डेंग्यू हा नियम पाळत नाही. दोन ते सात दिवस ताप राहतो. बहुतेक जण त्यानंतर बरे होतात. पण काही रुग्णांत नेमका ताप उतरण्याच्या सुमारास, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, धोक्याचा काळ सुरू होतो. तो एक ते दोन दिवस टिकतो.

या काळात शरीरात काय घडते? आपल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती एरवी रक्तातील पाणी आत धरून ठेवतात. डेंग्यूत त्या नव्या माठासारख्या पाझरू लागतात. रक्तातील पातळ भाग झिरपून पोटात आणि फुप्फुसांभोवती साठतो. रक्तपेशी मात्र आतच राहतात आणि रक्त दाट होते. तपासणीच्या कागदावर हिमॅटोक्रिट नावाचा जो आकडा असतो, तो हा दाटपणा सांगतो. तो 36 वरून 44 वर गेला, तर पाझर वाढला आहे असे समजायचे.

शरीर हे सारे निमूटपणे सोसत राहते आणि तिथेच फसगत होते. पाणी कमी पडले की शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून घेते आणि हृदय व मेंदूचा पुरवठा राखते. म्हणून रक्तदाबाचा वरचा आकडा बराच वेळ जागचा हलत नाही. खालचा मात्र वर चढतो. मुलाचा रक्तदाब सकाळी 100 वर 65 होता आणि दुपारी 100 वर 80 झाला, तर नुसता वरचा आकडा पाहणारा म्हणेल, ‘ठीक आहे.’ रोग समजलेली परिचारिका दोन्हींतील अंतर पाहते. ते 35 होते, ते 20 वर आले. डेंग्यूत ही धोक्याची घंटा आहे. मूल अजून शुद्धीवर असते, आईशी बोलत असते. पण पाय गार पडलेले असतात, नाडी जलद असते आणि लघवी कमी झालेली असते. आणखी काही तास असेच गेले तर रक्तदाब एकदम कोसळतो आणि मग सावरणे फार कठीण होते.

आकडे लिहिणे आणि आकड्यांचा अर्थ कळणे यांतील फरक तो हाच. डॉक्टर फेरीत येतात, काही मिनिटे थांबतात. चोवीस तास उशाशी असते ती परिचारिका. तिने वेळीच ओळखून डॉक्टरांना हाक मारली, तर अनेकदा साध्या सलाईनवर काम भागते. डेंग्यूच्या विषाणूवर नेमके औषध आजही नाही. तरीही तीव्र डेंग्यूत उपचाराविना 20 टक्क्यांपर्यंत जाणारे मृत्यूचे प्रमाण योग्य देखभालीने एका टक्क्याच्या खाली आणता येते. 1996 मध्ये दिल्लीत डेंग्यूची मोठी साथ आली, तेव्हा दहा हजारांवर लोक आजारी पडले आणि चारशेहून अधिक दगावले. पुढे 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या मार्गदर्शिकेत धोक्याच्या लक्षणांना मध्यवर्ती स्थान दिले.

गोष्ट इथेच संपत नाही. एक-दोन दिवसांनी पाझर थांबतो आणि बाहेर गेलेले पाणी आपणहून रक्तात परतू लागते. अशा वेळी सलाईन कालच्याच वेगाने चालू राहिले, तर तेच पाणी फुप्फुसांत भरते आणि रुग्णाला धाप लागते. काल ज्या सलाईनने वाचवले, तेच आज घात करू शकते. म्हणून डॉक्टरांच्या सूचनेनुसार सिस्टर थेंब मोजून वेग कमी करतात. ‘पोराची बाटली का काढली?’ म्हणून नातेवाईक भांडतात, ते बहुधा याच दिवशी!

आपले सारे लक्ष मात्र प्लेटलेटवर असते. आकडा घसरला की धावाधाव, पपईच्या पानांचा रस, रक्तपेढीचे फोन. प्लेटलेट कमी होतात हे खरे आणि रक्तस्राव होत असेल तर डॉक्टर त्या चढवतातही. पण निव्वळ आकड्याला घाबरून त्या चढवल्याने सहसा लाभ होत नाही. बहुतेकदा जीवावर बेतते ते पाझरामुळे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 मध्ये शुश्रूषेवर पुस्तक लिहिले. त्यातील एक संपूर्ण प्रकरण रुग्णाच्या निरीक्षणावर आहे. विशेष म्हणजे ते पुस्तक मुख्यतः घरोघरी आजाऱ्याची काळजी वाहणाऱ्या स्त्रियांसाठी होते. आज घरातल्या सर्वांनीच, पुरुषांनीसुद्धा, त्यातून एवढे घ्यावे. ताप कोणत्या दिवशी सुरू झाला ते दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल द्या. अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळा, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पाणी, पेज, ताक, जलसंजीवनी देत राहा. ताप उतरल्यावर पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, गार हातपाय, सुस्ती किंवा अस्वस्थपणा, सहा तासांत लघवी नाही, यांपैकी एकही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

तीस-चाळीस खाटांचा वॉर्ड आणि रात्रपाळीला एक-दोन सिस्टर, हे आपल्याकडे नवे नाही. त्यांतलीच एखादी सिस्टर पहाटे तीन वाजता तुमच्या मुलाला उठवून पट्टा बांधू लागली, तर कपाळाला आठ्या घालू नका. रात्रीत त्याने लघवी किती वेळा केली, ते तेवढे तिला नीट सांगा.