खटका बंद, मगच हात आत



बॉयलरचे अग्निप्रदीपन झाले, गव्हाणीत मोळी पडली, की आपल्या सगळ्यांचे लक्ष तोडीच्या पाळीकडे, टनेजकडे आणि उताऱ्याकडे लागते. ते साहजिकच आहे. पण याच दिवसांत संध्याकाळच्या धारांच्या आधी वस्तीवस्तीवर आणखी एक आवाज सुरू होतो. ऊस तुटतो, वाढे गोठ्यात येते आणि कडबाकुट्टीचे चाक फिरू लागते. बेणे, खत, पाणी यांवर आपण या पानांतून पुष्कळ लिहितो. आज त्या चाकाविषयी लिहायचे आम्ही ठरवले आहे, कारण ही गोष्ट आमच्या घरची आहे.

आमच्या थोरल्या चुलत्यांच्या उजव्या हाताला दोन बोटे नाहीत. १९८६ सालच्या थंडीत ती कुट्टीत गेली. आम्ही तेव्हा शाळेत होतो. घरी येणारा-जाणारा जो तो म्हणे, "नशिबात होतं." आप्पाही मान हलवत. पुढे ते डाव्या हाताने धार काढायला शिकले, डाव्या हाताने सही शिकले, सोसायटीत आणि बँकेत सहीचा नवा नमुना देऊन आले. विळा मात्र पहिल्यासारखा पुन्हा हातात बसला नाही.

हा लेख लिहायचा म्हणून आम्ही त्यांच्यापाशी बसलो, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा सगळे सांगितले. "लाईट गेलेली. तोंडात वाढ्याचा बोळा अडकलेला. म्हटलं, लाईट येईस्तवर काढून टाकू. खटका तसाच चालू ऱ्हायला हुता. बोळ्याला हात घातला आन् लाईट आली." थोडे थांबून ते म्हणाले, "इतक्या वर्सांत मला कुनी इचारलं न्हाई, खटका बंद केला हुता का म्हणून. समद्यांनी नशीब म्हटलं. मीबी म्हटलं. पर मला ठावं हुतं."

बंधू-भगिनींनो, आप्पांचे हे शेवटचे वाक्य आम्हाला फार लागले. नशीब म्हटले की विषय मिटतो, आणि शेजारच्या गोठ्यातला खटका तसाच चालू राहतो. म्हणून या यंत्रात नेमके काय घडते ते नीट समजून घेऊ.

कुट्टीत बोट जाते ते बहुधा पात्यामुळे नव्हे, रुळांमुळे. दोन दातेरी रूळ वैरण आत ओढतात आणि मागे चाकावरची पाती ती कापतात. रुळाला वैरण आणि हात यांतला फरक कळत नाही. एकदा बोट किंवा बाहीचे टोक धरले गेले, की मागे खेचायला माणसाला वेळच उरत नाही. दुसरी गोष्ट चाकाची. ते वजनदार असते, म्हणून खटका बंद केला तरी लगेच थांबत नाही. मोटारीचा आवाज बसला म्हणजे यंत्र थांबले असे समजू नये. चाक डोळ्यांनी थांबलेले दिसले पाहिजे.

तिसरी गोष्ट विजेची. पाण्याच्या पंपाला आपण चांगला स्टार्टर बसवतो. त्यात एक कॉईल असते. वीज गेली की ती सुटते, आणि वीज परत आली तरी बटण दाबल्याशिवाय मोटार चालत नाही. कुट्टीला मात्र पुष्कळ ठिकाणी साधा खटका असतो. वीज गेली तरी तो चालूच राहतो आणि वीज आली की यंत्र आपोआप फिरू लागते. आप्पांचे नेमके असेच झाले. म्हणून कुट्टीलाही असाच स्टार्टर बसवून घ्यावा. पंपावर बसवतो तो ऑटो स्विच मात्र कुट्टीवर कधीही बसवू नये. पंपाला जी सोय, ती इथे घात आहे.

आता रोजच्या कामाचे नियम सांगतो. घरातल्या प्रत्येकाने, विशेषतः वैरण कापणाऱ्या आया-बहिणींनी आणि गड्यांनी ते पाठ करावेत.

१. वैरण अडकली की आधी खटका बंद, मग पिन काढा, मग चाक थांबू द्या. त्यानंतरच बोळा काढा, तोही लाकडी काठीने. उलटा गिअर असेल तर तो वापरा.

२. वीज गेली की पहिले काम खटका बंद करण्याचे. बॅटरी शोधणे त्यानंतर.

३. शेवटचा घास हाताने रेटू नका. पुढच्या पेंढीने मागची ढकला. वैरण घालायची पन्हळ इतकी लांब हवी, की तिच्या तोंडाशी उभ्या माणसाचा हात रुळापर्यंत पोचूच नये. आखूड असेल तर गावच्या मेस्त्रीकडून वाढवून घ्या.

४. पदर खोचलेला, बाही वर, मफलर काढलेला, सैल बांगड्या आणि कडे काढलेले.

५. पट्ट्यावरची आणि चाकावरची जाळी काढून काम करू नका. "जाळीनं वैरण तुंबते" ही तक्रार आम्हीही ऐकली आहे. अशा वेळी पाती घासून घ्यावीत. बोथट पात्यानेच वैरण जास्त तुंबते.

६. अंधारात कुट्टी नको. रात्रपाळीची वीज असेल तर रुळावर उजेड पडेल असा दिवा लावा. मोटारीला अर्थिंग करून घ्या, कारण गोठ्यातली जमीन नेहमी ओली असते.

७. हाताने फिरवायच्या कुट्टीच्या चाकाला काम संपल्यावर साखळी घालून कुलूप लावा. लहान मुलांना ते चाक खेळणे वाटते.

कुट्टीएवढीच दक्षता आणखी दोन यंत्रांपाशी हवी. बांधावरचे गवत काढायला आता पाठीवरचे ग्रासकटर घरोघर आले आहे. त्याच्या पात्याने उडालेला खडा गोफणीसारखा जातो. डोळ्यांवर चष्मा आणि पायांत बूट हवेत, आणि पंधरा मीटरच्या आत माणूस किंवा जनावर नको. पात्याला गवत गुंडाळले तर इंजिन बंद करून, प्लगची टोपी काढून मगच हात लावा. पेट्रोल गरम इंजिनावर ओतू नका.

दुसरा धोका ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टचा. त्याचा नेहमीचा वेग मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ. शाफ्टचा घेर एक वीत धरला, तरी एका सेकंदात जवळपास दोन मीटर कापड त्याला गुंडाळले जाते. धोतराचा सोगा सोडवायला तेवढा वेळ कुणाला मिळणार? शाफ्टवरचे आवरण कायम ठेवा, आणि चालू शाफ्ट ओलांडून कुणी जाऊ नये. रोटाव्हेटरच्या पात्यांत अडकलेले पाचट काढतानाही ट्रॅक्टर बंद आणि किल्ली स्वतःच्या खिशात हवी.

इतके करूनही अपघात झालाच, तर हात ओढून काढू नका. वीज तोडा, पट्टा उतरवा आणि रूळ सैल करून हात सोडवा. जखमेवर स्वच्छ फडके दाबून धरा, हात वर ठेवा. हळद, चुना, कॉफीची पूड भरू नका. तुटलेले बोट टाकून देऊ नका. ते स्वच्छ पाण्याने हलके धुऊन ओलसर स्वच्छ फडक्यात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फ-पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका. १०८ ला फोन करा आणि जखमीबरोबर ती पिशवीही दवाखान्यात न्या. वेळेत पोचल्यास बोट पुन्हा जोडता येण्याची आशा असते.

मळणी यंत्रांत हात जाऊ लागले, तेव्हा १९८३ साली संसदेला धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. राज्य शासनाची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनाही २०२३ पासून आहे. तीत मृत्यूला २ लाख रुपये, एक डोळा किंवा एक अवयव कायमचा निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. प्रस्ताव ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यावा लागतो. मदत घ्यावी, तो हक्क आहे. पण एक लाखाने धार काढता येत नाही.

खंडेनवमीला आपण अवजारांना हळद-कुंकू वाहतो, कुट्टीलाही झेंडूचे फूल लावतो. इथून पुढे त्या दिवशी फुलाबरोबर जाळी, पन्हळ, पट्टा आणि खटका तपासण्याचा रिवाज घराघरांत पडावा, अशी आमची विनंती आहे. यंदाची खंडेनवमी टळली असेल, तर आज संध्याकाळचा मुहूर्तही वाईट नाही.

आप्पांच्या गोठ्यात कुट्टीच्या वरच नवा स्टार्टर बसला आहे. नातू वैरण कापायला उभा राहिला की आप्पा अजून लांबून विचारतात, "खटका?" आणि नातू ओरडून सांगतो, "बंद हाय, आप्पा!" त्याशिवाय बोळ्याला हात लागत नाही. आपल्याही गोठ्यात कुणीतरी हा प्रश्न विचारणारे असावे.