बरं वाटतंय ते गोळीमुळे



रक्तक्षयावरचा आपला कार्यक्रम झाला आणि पुढच्याच आठवड्यात एका गटाकडून चिठ्ठी आली. लिहिणाऱ्या ताईंच्या जावेला तीन वर्षांपूर्वी रक्ताचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी रोजची एक गोळी सुरू केली. आता ती जाऊ खुरपायला जाते, भरला हंडा उचलते, आजारी आहे असं सांगितलं तरी कुणाला पटत नाही. पुढे ताईंनी विचारलं होतं, "तिला आता काहीच त्रास नाही, मग गोळी बंद केली तर चालेल का? घरात पैशाची ओढाताण आहे. सासूबाई म्हणतात, एवढी वर्षं औषध खाल्लं की अंगात उष्णता वाढते."

उत्तर आधीच सांगून टाकतो. नाही, आपल्या मनाने बंद करायची नाही. का नाही, ते नीट समजायला हवं, म्हणून आजचा सगळा वेळ याच गोळीला.

रक्ताचा कॅन्सर हा काही एकच आजार नव्हे. त्याचे कितीतरी प्रकार आहेत आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. आज आपण बोलतोय ते क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाबद्दल. फाइलवर बहुधा सी.एम.एल. अशी तीन अक्षरं असतात. दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाला आजचं बोलणं लागू करू नका, ही विनंती. पाश्चात्त्य देशांत हा आजार साधारण साठीच्या आसपास दिसतो. आपल्याकडे मात्र तिशी-चाळिशीतले रुग्ण भरपूर असतात, म्हणजे नेमकी लेकरं लहान आणि घराचा भार अंगावर असतो ते वय.

आपलं रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होतं. त्यातल्या पांढऱ्या पेशी रोगाशी लढतात. निरोगी माणसात त्या साधारण चार ते अकरा हजार असतात. या आजारात हाच आकडा लाख, दोन लाख, कधी त्याच्याही वर जातो. बाईला थकवा येतो, वजन उतरतं, रात्री घाम येतो. डाव्या बरगडीखाली जड वाटतं, दोन घास खाल्ले की पोट भरतं. याचं कारण म्हणजे प्लीहा वाढलेली असते. जुनी माणसं तिला पानथरी म्हणतात. पण कित्येकींना यातलं काहीच होत नाही. दुसऱ्याच कशासाठी रक्त तपासलं आणि रिपोर्टवर आकडा दिसला, असंच पुष्कळदा घडतं.

हे होतं कशामुळे? आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. गुणसूत्र म्हणजे पेशीने कसं वागायचं याची लांबलचक दोरीवर लिहिलेली सूचना समजा. मगजातल्या एखाद्या पेशीत नऊ नंबरच्या आणि बावीस नंबरच्या दोरीचे शेंडे तुटतात आणि चुकून एकमेकींना जोडले जातात. त्या चुकीच्या गाठीवर एक नवीनच सूचना तयार होते. तिचं नाव बीसीआर-एबीएल. रिपोर्टवर हे नाव दिसेल, ओळखून ठेवा.

ही गाठ जन्मतः नसते. आईकडून लेकीला जात नाही, ताटात जेवल्याने किंवा एका अंथरुणात झोपल्याने लागत नाही. अणुबॉम्बसारख्या मोठ्या किरणोत्सर्गानंतर हा आजार वाढल्याचं दिसलं आहे, पण बहुतेक रुग्णांत काहीही कारण सापडत नाही. तेव्हा 'सुनेने माहेरून आजार आणला' असं कुणी बोललं, तर गटातल्या बाईने तिथेच थांबवावं. ते खोटं आहे.

आता गोळी काय करते ते बघू. विहिरीवरची मोटार डोळ्यांपुढे आणा. स्टार्टर बिघडला, मोटार बंदच होईना, पाणी वाहतंय वाहतंय, सगळं रान चिखल. बीसीआर-एबीएल ही तशी न थांबणारी मोटार. तिला वीज मिळते ती एका खाचेतून, फ्यूज बसतो तशा. इमॅटिनिब नावाची आपली गोळी त्या खाचेत जाऊन बसते. वीज आत शिरत नाही, मोटार थांबते, पांढऱ्या पेशी भराभर वाढायच्या थांबतात. आधीच्या केमोथेरपीची औषधं चांगल्या-वाईट सगळ्याच वाढत्या पेशींवर पडायची. ही गोळी मुख्यतः त्या खाचेवर काम करते. म्हणून सहसा केस गळत नाहीत आणि बाई कामावर जाऊ शकते.

पण मोटार तिथेच आहे, हे विसरायचं नाही. गोळी शरीरातून दिवसभरात बरीचशी निघून जाते, म्हणून खाच रोज भरावी लागते.

हे कोडं उलगडायला चाळीस वर्षं लागली. 1960 साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना या रुग्णांच्या पेशीत एक गुणसूत्र आखूड दिसलं. रिपोर्टवर 'फिलाडेल्फिया क्रोमोसोम' लिहितात ते त्यावरूनच. तो तुटलेला तुकडा गेला कुठे, ते 1973 मध्ये शिकागोच्या डॉ. जॅनेट राउली यांनी शोधलं. चार मुलगे वाढवताना त्यांनी वर्षानुवर्षं अर्धवेळच काम केलं होतं. गुणसूत्रांचे फोटो घरी आणायच्या, जेवणाच्या टेबलावर कात्रीने कापून जोड्या लावत बसायच्या. मुलं चिडवायची, आई कागदाच्या बाहुल्या खेळते. त्या कात्रणांतून कळलं की नऊ आणि बावीस नंबरच्या तुकड्यांची अदलाबदल झाली आहे. घरकाम आणि अभ्यास एकाच टेबलावर करणाऱ्या बाईची ही गोष्ट आम्हाला फार आवडते, म्हणून थोडी लांबवली.

पुढे निकोलस लायडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे औषध तयार केलं आणि डॉ. ब्रायन ड्रुकर यांनी 1998 मध्ये ते रुग्णांना द्यायला सुरुवात केली. जुन्या औषधाला दाद न देणारे हे रुग्ण. रोज 300 मिलिग्रॅम किंवा जास्त घेणाऱ्या 54 जणांपैकी 53 जणांचं रक्त आटोक्यात आलं. 2001 साली अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली. त्याआधी या आजाराचं निदान झालं की साधारण तीन ते पाच वर्षं हातात आहेत, असंच घरच्यांना सांगावं लागे. अस्थिमज्जा बदलणं हा उपाय होता, पण जुळणारा भाऊ-बहीण हवा, लाखो रुपये हवेत, आणि त्यात जिवाची जोखीम. नव्या गोळीवर ठेवलेल्या रुग्णांचा दहा वर्षांहून जास्त काळ पाठपुरावा झाला, तेव्हा दहा वर्षांनी शंभरातले त्र्याऐंशी जण हयात होते. आजार लवकर कळला आणि गोळीने नीट काम केलं, तर या लोकांचं आयुष्य इतरांच्या जवळपास पोचतं.

मग गोळी चुकवली तर? इथे चिठ्ठीतल्या ताईंनी नीट लक्ष द्यावं. गोळी सुरू झाल्यावर एक-दोन महिन्यांत साधा रक्ताचा रिपोर्ट चांगला येतो. घरात पेढे वाटतात. पण साधी तपासणी म्हणजे पोत्यावरून हात फिरवून बघणं. आत खडे किती, ते बीसीआर-एबीएलच्या पी.सी.आर. तपासणीतच कळतं. एक क्विंटल ज्वारी समजा. सुरुवातीला ती खड्यांनीच भरलेली आहे. तीन महिन्यांनी खडे दहा किलोच्या आत हवेत, सहा महिन्यांनी एक किलोच्या आत, वर्षाने शंभर ग्रॅमच्या आत. रिपोर्टवर हेच 10 टक्के, 1 टक्का आणि 0.1 टक्का असं लिहिलेलं असतं. शंभर ग्रॅम खडे एका क्विंटलमध्ये हाताला लागतील का? नाही लागणार. बाईला बरं वाटतं ते म्हणूनच, आणि गोळी थांबली की वाढायला सुरुवात होते ती त्याच उरलेल्या खड्यांपासून. उशिरा लक्षात आलं तर आजार तीव्र टप्प्यात जाऊ शकतो. तिथून परत आणणं फार अवघड, तिथे ही गोळीही अपुरी पडते.

लंडनमध्ये काही रुग्णांच्या डबीच्या झाकणात यंत्र बसवून डबी किती वेळा उघडली ते मोजलं होतं. दहातल्या नऊहून जास्त गोळ्या घेणाऱ्यांत बहुतेकांचे खडे त्या शंभर ग्रॅमच्या खाली गेले. त्याहून कमी घेणाऱ्यांत तीनातल्या एकालाही ते नीट साधलं नाही. दहात एक म्हणजे महिन्याला तीन गोळ्या. तीन दिवस लग्नाला माहेरी गेलो आणि पाकीट घरी राहिलं, एवढ्यावर ते होतं.

पूर्ण खरं सांगायचं तर काही लोकांची गोळी बंदही करता येते. फ्रान्समध्ये 2010 साली अशा शंभर रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध झाला. कित्येक वर्षं गोळी घेतलेले, आणि निदान दोन वर्षं पी.सी.आर.मध्ये काहीच न सापडलेले. तरी गोळी थांबवल्यावर निम्म्याहून जास्त जणांत आजार पुन्हा दिसू लागला, बहुतेकांत पहिल्या सहा-सात महिन्यांतच. दर महिन्याला तपासणी होत होती म्हणून तो लगेच पकडला गेला आणि गोळी सुरू करताच पुन्हा आटोक्यात आला. दर महिन्याची तपासणी नसेल, तर ही वाट आपली नव्हे. डॉक्टरांना विचारायला मात्र काहीच हरकत नाही, जरूर विचारा.

आता रोजच्या गोष्टी. इमॅटिनिब जेवणासोबत आणि तांब्याभर पाण्याबरोबर घ्यायची, नाहीतर मळमळतं. एकादशीला भगर किंवा साबुदाण्याबरोबर चालते. हरतालिकेचा निर्जळी उपवास मात्र या बाईने धरू नये, देवी काही रागवायची नाही. (निलोटिनिब नावाची दुसरी गोळी असते, ती उलट रिकाम्या पोटी घ्यायची. म्हणून आपली गोळी कोणती ते नाव वाचून घ्या.) एखादा दिवस विसरला, तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत. भस्मं, काढे आणि पपनसासारखी फळं डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नकोत, त्यांनी औषधाचं रक्तातलं प्रमाण बिघडू शकतं.

सकाळी डोळे सुजतात. शेजारीण विचारते, रात्री रडलीस का? पायात गोळे येतात, जुलाब होतात, कधी पुरळ उठतं. आपल्याकडच्या पुष्कळ जणांचा रंग उजळतो, आणि मग गावातले म्हणतात, आजारपण बरं मानवलं हिला! यातलं बहुतेक सोसण्यासारखं असतं आणि त्यावर उपायही असतो. धाप लागली, अंगावर पुरळ खूप वाढलं, ताप उतरेना किंवा कुठून रक्त येऊ लागलं, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. इमॅटिनिब लागू पडली नाही किंवा सोसली नाही तर डॅसॅटिनिब, निलोटिनिब अशी पुढची औषधं आहेत. तेव्हा त्रास लपवून गुपचूप गोळी सोडू नका. डॉक्टर औषध बदलू शकतात, पण त्यांना कळलं तर.

तरुण बाईसाठी एक गोष्ट अगदी स्पष्ट बोलायला हवी. या गोळीवर असताना दिवस जाऊ द्यायचे नाहीत, पोटातल्या बाळात व्यंग येऊ शकतं. अंगावर पाजतानाही ती चालत नाही. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून आखणी करता येते, काही काळ दुसरं औषध देता येतं. पाळी चुकली तर त्याच आठवड्यात जा. आम्हाला माहीत आहे, पुष्कळ घरांत सुनेचा आजार लपवून मुलासाठी तगादा चालू असतो. ती एकटी हे सांगू शकत नसेल, तर आशाताईंना किंवा गटातल्या वडीलधाऱ्या बाईला सोबत घेऊन नवऱ्याला डॉक्टरांपुढे बसवा.

राहिला पैसा. मूळ कंपनीची गोळी एकेकाळी महिन्याला लाखाच्या वर पडायची. तिचं पेटंट भारतात मिळावं म्हणून नोव्हार्टिस कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. विरोधात उभ्या राहिलेल्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनही होती. 1 एप्रिल 2013 रोजी न्यायालयाने कंपनीची मागणी फेटाळली. त्यामुळे आपल्याकडच्या कंपन्यांची तीच गोळी त्या किमतीच्या छोट्याशा भागात मिळत राहिली. तेव्हा कुणी महागडा ब्रँडच हवा म्हणालं, तर स्वस्त जेनेरिक चालेल का, असं डॉक्टरांना सरळ विचारा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आणि आयुष्मान भारतमध्ये कॅन्सरचे उपचार आहेत. आपल्या जवळचं कोणतं हॉस्पिटल योजनेत बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राकडे विचारा. रेशनकार्ड, आधार आणि निदानाचे मूळ रिपोर्ट सोबत न्या. मोठ्या कॅन्सर रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकांची खोली असते, औषध मोफत किंवा कमी दरात कुठून मिळेल ते त्यांना माहीत असतं. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबत्याला तिकिटात सवलत आहे, फॉर्म हॉस्पिटलमधूनच भरून घ्यायचा. एस.टी.त महिलांना अर्धं तिकीट आहेच.

तरी दर तीन महिन्यांची पी.सी.आर. राहतेच. तिला काही हजार लागतात, आणि नेमकी तीच चुकते. बियाणं, खत, पोरांची फी हे खर्च दिसतात. बरी दिसणाऱ्या बाईची तपासणी कुणाला दिसत नाही. गटाच्या अंतर्गत कर्जात ही तपासणी बसवता येईल. गटाच्या वहीत तिच्या तपासणीची तारीख हप्त्यांच्या तारखांबरोबरच लिहून ठेवा. गोळ्यांचं पाकीट संपायच्या आठ दिवस आधी पुढचं आणायचं, हेही त्याच पानावर लिहा. चिठ्ठी पाठवणाऱ्या ताईंनी जावेचा शेवटचा पी.सी.आर. रिपोर्ट शोधून त्यावरची तारीख आणि टक्का बघावा. तीन महिन्यांपूर्वीचा असेल, तर डॉक्टरांनी पुढची तारीख कोणती दिली आहे ते त्याच फाइलमध्ये सापडेल.