पत्र पोचते कसे? : लहान व्यवसायासाठी ई-मेल सेवेची निवड

तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणमपासून थोड्या अंतरावर, चोळपुरम् नावाचे गाव आहे. कोल्लिडम नदीच्या पलीकडे, अरियलूर जिल्ह्यात, गंगैकोंड चोळपुरम् आहे. पहिल्या राजेंद्र चोळाची ही राजधानी तेथील बृहदीश्वराच्या मंदिरामुळे जगप्रसिद्ध झाली आहे. पाकिटावर गावाचे नाव अर्धवट लिहिले, तर एका चोळपुरम्‌चे पत्र दुसऱ्याच्या वाटेला लागण्याचा संभव असतो. तरीही टपालवाला नाव वाचतो, चौकशी करतो आणि बहुधा योग्य दार शोधून काढतो. ई-मेलच्या पत्त्यात मात्र एक अक्षर चुकले, तरी पत्र परत येते किंवा भलत्याच्या हाती पडते. पत्ता अचूक असला, तरीसुद्धा पत्र वाचणाऱ्याच्या दृष्टीस पडेलच असे नाही. ते का, हे समजून घेतल्यावाचून व्यवसायासाठी योग्य ई-मेल सेवा निवडता येत नाही.

गिऱ्हाईक दूर, कारागीर गावात

एके काळी तंजावरच्या भोसले राजांच्या राज्यात मोडणारा कावेरीकाठचा हा मुलूख हस्तव्यवसायांनी संपन्न आहे. नाचियारकोविल येथे पितळेच्या समया ओततात, स्वामिमलै येथे मेणाच्या साच्यावरून देवमूर्ती घडवितात आणि तिरुभुवनम येथे रेशमी साड्या विणतात. या वस्तू कोणी रोज विकत घेत नाही. समई लग्नात किंवा नव्या घरात प्रवेश करताना घेतली जाते. तिचा ग्राहक मुंबईत असेल, सिंगापुरात असेल किंवा लंडनमध्ये. अशा ग्राहकाची आठवण राखावयाची, तर वर्षातून तीन-चार वेळा त्याला पत्र पाठविणे इष्ट ठरते.

समजा, एका समया ओतणाऱ्या कारागिराजवळ वीस वर्षांत जमलेले ४०० ग्राहकांचे पत्ते आहेत. नेहमीच्या टपालपेटीतून तो पत्रे पाठवू शकतो. परंतु जीमेलच्या वैयक्तिक खात्यातून दिवसाला सुमारे ५०० जणांनाच पत्र पाठविता येते. शिवाय कोणाचा पत्ता बंद पडला, कोणी ‘यापुढे पत्र नको’ असे कळविले, ही नोंद त्याला हाताने ठेवावी लागते. हे काम करणाऱ्या स्वतंत्र सेवा आहेत. चेन्नईस मुख्यालय असलेली झोहो, मुंबईची नेटकोर, अमेरिकेतील अटलांटा येथे २००१ साली सुरू झालेली मेलचिंप ही त्यांपैकी काही नावे होत. प्रश्न उरतो तो निवडीचा. याच सुमारास कोणी तरी त्याला पन्नास हजार पत्त्यांची तयार यादी अल्प किमतीत देऊ करतो. येथेच खरी कसोटी लागते.

चारशे पत्रांचा इतिहास

संगणकांच्या जाळ्यावरून एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात पत्र पाठविण्याचा पहिला प्रयोग रे टॉमलिन्सन या अभियंत्याने १९७१ साली केला. पत्त्यातील ‘@’ हे चिन्ह त्यानेच योजिले. १९७८ च्या मे महिन्यात गॅरी थुर्क या विक्री-अधिकाऱ्याने आपल्या कंपनीच्या नव्या संगणकांची जाहिरात ‘अर्पानेट’ या जाळ्यावरील सुमारे ४०० जणांना न विचारता पाठविली. विक्री झाली, परंतु तक्रारींचा वर्षावही झाला आणि पुन्हा असे न करण्याची ताकीद त्याला मिळाली. आगंतुक जाहिरात-पत्राचा हा पहिला प्रसिद्ध दाखला समजला जातो. त्याचे पत्ते आणि आपल्या कारागिराचे पत्ते संख्येने जवळजवळ सारखेच आहेत. भेद आहे तो संमतीचा.

शिक्का आणि मोर्तब

पत्रांच्या देवघेवीचे जे नियम १९८२ साली ठरले, त्यांत पाठविणाऱ्याची ओळख पटविण्याची व्यवस्था नव्हती. पाकिटामागे कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तसा हा प्रकार होता. पुढे त्यावर तीन उपाय योजण्यात आले.

पहिला उपाय ‘एसपीएफ’. आपल्या नावाने कोणती यंत्रे पत्रे पाठवू शकतात, याची यादी व्यवसायाने आपल्या संकेतनामाच्या सार्वजनिक नोंदीत जाहीर करावयाची. दुसरा उपाय ‘डीकेआयएम’. हे समजण्यास मराठेशाहीतील कागद उपयोगी पडतात. त्या पत्रांच्या माथ्यावर शिक्का असे आणि शेवटी मोर्तब असे. मोर्तबानंतर कोणी मजकूर वाढविला, तर लबाडी तत्काळ ओळखू येई. डीकेआयएममध्ये पाठविणारे यंत्र गुप्त किल्लीने पत्रावर गणिती स्वाक्षरी करते आणि घेणारे यंत्र जाहीर किल्लीने ती पडताळते. वाटेत स्वाक्षरी केलेल्या मजकुरातील एक अक्षर बदलले, तरी पडताळणी फसते. तिसरा उपाय ‘डीमार्क’. पत्रावर दिसणारे नाव आणि पडताळलेले नाव एकच आहे काय, हे तो पाहतो. नसल्यास पत्राचे काय करावे, हेही सांगतो.

यावरून एक व्यावहारिक नियम निघतो. मोफत जीमेल पत्ता घेऊन तिसऱ्याच सेवेमार्फत पत्रे धाडली, तर ती या तपासणीत उतरत नाहीत. म्हणून व्यवसायाला स्वतःचे संकेतनाम हवे आणि सेवेने या तिन्ही नोंदी करण्यास साहाय्य केले पाहिजे.

तक्रारींचे गणित

गूगल व याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून हे नियम कडक केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा अधिक पत्रे पाठविणाऱ्यास तिन्ही उपाय योजणे आणि एका कळीसरशी यादीतून नाव काढण्याची सोय देणे बंधनकारक झाले. ‘हे पत्र नको ते आहे’ अशा तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यापर्यंत जाता कामा नये आणि शक्यतो ०.१ टक्क्याच्या आत राहावे, असे गूगल सांगते.

हे प्रमाण किती अल्प आहे, ते पाहावे. १०,००० पत्रांमागे ३० तक्रारी म्हणजे ०.३ टक्के. आपल्या कारागिराच्या ४०० पत्रांमागे एक तक्रार आली, तर ०.२५ टक्के होतात. दुसरी येताच प्रमाण ०.५ टक्के होते. विकत घेतलेल्या यादीतील अनोळखी लोक तक्रार करण्यास कचरत नाहीत. अशा पत्रांमुळे संकेतनामाची पत ढासळते आणि त्यानंतर जुन्या, आपुलकीच्या ग्राहकांना पाठविलेली पत्रेही रद्दीच्या कप्प्यात जाऊ लागतात. वीस वर्षांची ओळख अशा रीतीने एका दिवसात गमावली जाऊ शकते.

कायदाही याच दिशेने जातो. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार संमती स्वेच्छेने, विशिष्ट हेतूसाठी आणि पुरेशा माहितीनिशी दिलेली असली पाहिजे. ती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे.

सेवा पारखावी कशी

सेवा निवडताना प्रथम दराची पद्धत पाहावी. काही सेवा साठविलेल्या पत्त्यांवर आकार घेतात, तर काही पाठविलेल्या पत्रांवर. ४०० पत्त्यांना वर्षात चार वेळा लिहिणाऱ्याची एकूण पत्रे १,६०० होतात. त्याला पत्रागणिक आकार बहुधा परवडेल. आठवड्याला लिहिणाऱ्याची पत्रे २०,८०० होतात. त्याला पत्त्यांवरील आकार सोयीचा ठरण्याचा संभव अधिक.

दुसरी गोष्ट, सोबत्यांची. लहान ग्राहकांची पत्रे सेवा बहुधा सामाईक यंत्रांवरून पाठविते. एकाने गैरवर्तन केले, तर इतरांना त्याचा त्रास पोचतो. म्हणून विकत घेतलेल्या याद्या जी सेवा नाकारते, ती कडक वाटली तरी हितकर होय. कायमचे बंद पडलेले पत्ते ती स्वतःहून वगळते काय, हेही विचारावे.

तिसरी गोष्ट, मालकीची. संपूर्ण यादी, ‘पत्र नको’ म्हणणाऱ्यांच्या नावांसह, केव्हाही उतरवून घेता आली पाहिजे. ती नावे मागे राहिली, तर सेवा बदलताच नकार देणाऱ्यांना पुन्हा पत्रे जातील.

चौथी गोष्ट, मोजमापाची. ‘किती जणांनी पत्र उघडले’ या आकड्यावर फार विसंबू नये. २०२१ पासून ॲपलची टपालव्यवस्था पत्रातील चित्रे आधीच उतरवून घेऊ शकते. त्यामुळे न वाचलेले पत्रही उघडल्यासारखे मोजले जाते. आलेली उत्तरे आणि मागण्या हा अधिक खरा हिशेब होय.

शेवटी, पैसे भरण्यापूर्वी प्रयोग करावा. वेगवेगळ्या टपालसेवांवरील आपल्याच पाच-सहा पत्त्यांवर एक पत्र धाडावे. ते कोणत्या कप्प्यात पडले, तमिळ वा देवनागरी अक्षरे नीट उमटली काय, नाव काढण्याची कळ चालते काय, हे पाहण्यास एक दुपार पुरते.

नाचियारकोविलची समई बैठक, खांब, तेलाचे तबक व माथ्याचे शिखर अशी सुट्या भागांची असते. भाग नीट जुळले, तरच ती सरळ उभी राहते. पत्रव्यवहाराचेही तसेच आहे. संमतीची यादी, सिद्ध झालेली ओळख आणि निघून जाण्याची मोकळीक हे त्याचे भाग होत. ते जुळवून देणारी सेवा कारागिराने घ्यावी आणि पन्नास हजार पत्त्यांची यादी विक्रेत्याला परत करावी. त्याची चारशे पत्रे वाचणारी माणसे त्याला ओळखतात.