सांगा पाहू, दादी!

संध्याकाळच्या वेळी पिंपळी, बारामती किंवा इंदापूर भागातील कोणत्याही गावात फिरून पाहा. पारावर, मशिदीच्या ओट्यावर, घराच्या उंबऱ्याशी वृद्ध माणसे बसलेली दिसतात. घरातले लोक त्यांना विचारतात, "जेवलात का? औषध घेतले का?" एवढ्या दोन प्रश्नांत त्यांचा दिवस संपतो. ज्यांचा सल्ला एके काळी सारे घर घेत होते, त्यांना आता कोणी काही विचारत नाही. मग हळूहळू ती माणसेही बोलेनाशी होतात.

अशा वेळी तुम्ही एक सोपी गोष्ट करू शकता. तुम्ही त्यांना कोडे घालू शकता. मराठीत कोड्याला 'हुमाण' असेही म्हणतात. उर्दूत आपण 'पहेली' म्हणतो. अमीर खुसरो (1253–1325) यांच्या नावाने कितीतरी पहेल्या आजही सांगितल्या जातात. कोडे घालणे आणि ते सोडवणे हा खेळ दोन्ही भाषांत फार जुना आहे.

कोडे ऐकल्यावर माणसाच्या मेंदूत काय घडते? आधी तो प्रश्न नीट ऐकतो. मग आठवणींत उत्तर शोधतो. सापडलेले उत्तर बरोबर आहे की नाही, हे पडताळतो. शेवटी योग्य शब्द निवडून बोलतो. एका लहानशा प्रश्नाने मेंदूला इतकी कामे मिळतात.

वय वाढले की नवी गोष्ट लक्षात ठेवणे कठीण जाते. उत्तर आठवायला वेळ लागतो. पण तरुणपणी पाहिलेले, पाठ केलेले आणि हाताने केलेले पुष्कळ काही टिकून राहते. म्हणून प्रश्न त्यांच्या काळातले असावेत. काही नमुने पाहा.

पैशांचे प्रश्न : 1 एप्रिल 1957 पासून आपल्या देशात रुपयाचे 100 नवे पैसे झाले. त्यापूर्वी 1 रुपयाचे 16 आणे होत. चवली म्हणजे 2 आणे, पावली म्हणजे 4 आणे आणि अधेली म्हणजे 8 आणे. मग विचारा, "दादा, बारा आणे म्हणजे आजचे किती पैसे?" उत्तर आहे 75. जुन्या शाळेत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. "सात दिडके किती?" असे विचारा. ज्यांनी ते पाढे पाठ केले आहेत, ते तुम्ही कागद काढण्याआधीच साडेदहा म्हणतील.

गावाचे प्रश्न : भाटघर धरणाचे पाणी कोणत्या कालव्याने बारामती-इंदापूरला येते? (नीरा डावा कालवा.) उजनी धरणाचे पाणी कमी झाले की इंदापूर तालुक्यातील कोणत्या गावाचे जुने मंदिर उघडे पडते? (पळसदेव.) बारामतीत राहिलेले प्रसिद्ध पंडित कवी कोण? (मोरोपंत.) 1972 च्या दुष्काळात परदेशातून आलेल्या लाल ज्वारीला लोक काय म्हणत? (मिलो.) या शेवटच्या प्रश्नावर केवळ उत्तर मिळणार नाही, एक हकिकतही ऐकायला मिळेल. ती मध्येच तोडू नका.

रमजानचे प्रश्न : चंद्राचे वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान असते. त्यामुळे रमजान सुमारे 33 वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येतो. "दादी, तुम्ही पहिला रोजा ठेवला तेव्हा थंडी होती की ऊन?" असे विचारा. मग दोघे मिळून ते वर्ष शोधून काढा.

शब्दांचे प्रश्न : बाजार, जमीन, तारीख, दुकान हे शब्द उर्दूत आहेत, तसेच मराठीतही आहेत. असे आणखी दहा शब्द कोण आधी सांगतो, ते पाहा. या खेळात तुमचे मराठीही सुधारेल.

हा खेळ खेळताना काही गोष्टी लक्षात ठेवा. समोर बसा. सावकाश आणि स्पष्ट बोला. उत्तरासाठी भरपूर वेळ द्या. उत्तर चुकले तर हसू नका, एखादी खूण सांगा. हा खेळ आहे, परीक्षा नाही. आणि त्यांनाही तुम्हांला कोडे घालू द्या. कधी कधी तुम्ही हरा!

कोडी हे औषध आहे का? नाही. अमेरिकेत 65 वर्षांवरील 2,800 हून अधिक लोकांवर एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाले. ज्या गोष्टीचा सराव दिला, तीत लोक सुधारले. पण इतर बाबतींत तेवढी सुधारणा दिसली नाही. म्हणून चालणे, पुरेशी झोप आणि माणसांची सोबत यांचीही गरज असते. कानाला कमी ऐकू येत असेल, तर त्यावर उपाय करणे फार महत्त्वाचे आहे.

आणखी एक गोष्ट. चष्मा कोठे ठेवला, हे कोणीही विसरतो. पण रोजची वाट चुकू लागली, घरची माणसे ओळखू येईनाशी झाली किंवा तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागला, तर 'म्हातारपण आहे' असे म्हणून सोडून देऊ नका. आईवडिलांना सांगा. डॉक्टरांना दाखवायला हवे.

1 ऑक्टोबर हा दिवस जगभर वृद्धांचा दिवस म्हणून पाळला जातो. पण त्या दिवसाची वाट कशाला पाहायची? आज शाळेतून घरी गेल्यावर दप्तर ठेवा, दादीजवळ बसा आणि म्हणा, "सांगा पाहू!"

शब्दार्थ
पार – झाडाभोवती बांधलेला ओटा
हकिकत – घडलेली गोष्ट
अपूर्णांक – पाव, अर्धा, दीड असे अंक
पडताळणे – खरे की खोटे ते तपासणे

स्वाध्याय
1. वृद्ध माणसे हळूहळू बोलेनाशी का होतात?
2. कोडे ऐकल्यावर मेंदू कोणकोणती कामे करतो?
3. लेखात कोड्यांना औषध का म्हटलेले नाही?
4. अधेली आणि पावली मिळून आजचे किती पैसे होतात?
5. घरातील किंवा शेजारच्या वृद्ध व्यक्तीला पाच प्रश्न विचारा. त्यांनी सांगितलेली एक हकिकत आठ-दहा ओळींत मराठीत लिहा.