पोटाची रोजकीर्द

व्यापारी संस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत दरभाव, कर, वाहतूक आणि पेढ्यांच्या परंपरा यांविषयी लेख असावेत हे उचितच होय. तथापि पेढी चालविणारा जो देह, त्याच्या एका जुनाट तक्रारीसंबंधी दोन शब्द लिहिल्यास सभासद बंधु-भगिनींस ते अप्रस्तुत वाटणार नाहीत अशी आशा आहे. ही तक्रार पोटाची. आपल्या पेठेतील दुकानांत गादीशेजारचा खण उघडून पाहावा. पावत्यांच्या गठ्ठ्यालगत पाचक चूर्णाची बाटली, आम्लपित्ताच्या गोळ्यांची पट्टी किंवा ओव्याची पुडी बहुधा सापडेलच.

यांतील पुष्कळांचे दुखणे चार दिवसांचे असते. लग्नसराईतील जेवणे, जागरणे, प्रवासातील पाणी, असे त्याचे कारण उघड असते आणि लंघन केल्याने ते उतरते. येथे विचार करावयाचा आहे तो निराळ्या रोग्याचा. याचे पोट वर्षानुवर्षे फुगते, मुरडा येतो. कधी चार-चार दिवस कोठा साफ होत नाही, तर कधी दुकान उघडण्यापूर्वीच तीन वेळा शौचास जावे लागते. रक्त तपासून झाले, सोनोग्राफी झाली, दुर्बिणीतून जठर आणि आतडेही पाहून झाले. प्रत्येक कागदावर शेरा एकच, ‘नॉर्मल’. तो कागद पाहून घरची मंडळी निश्चिंत होतात आणि रोगी मात्र अधिकच चिंतेत पडतो. रात्रीच्या बसने मुंबईस खरेदीला जावयाचे म्हटले की त्याच्या मनात पहिला विचार येतो तो मालाचा नव्हे, गाडी वाटेत कोठे थांबेल याचा. त्याच्या दुखण्याला नाव नसते; आणि नाव नसलेल्या दुखण्याला आपल्याकडे पत नसते. हळूहळू ‘याला काही झालेले नाही, स्वभावच कुरकुरा आहे’ असे लोक म्हणू लागतात.

प्रस्तुत लेखक डॉक्टर नाही, वैद्यही नाही. परंतु अशा रोग्यांत एक जगद्विख्यात मनुष्य होऊन गेला, आणि त्याची हकीकत व्यापाऱ्यास विशेष रुचावी अशी आहे. कारण हा मनुष्य हिशेबाचा पक्का होता. त्याचे नाव चार्ल्स डार्विन.

डार्विन यांचा जन्म १८०९ सालचा. वडील नामांकित डॉक्टर, शिवाय व्याजबट्ट्याचा व्यवहारही मोठा करीत. आजोळ वेजवुड या प्रसिद्ध चिनीमातीच्या कारखानदारांचे. १८३१ ते १८३६ या काळात ‘बीगल’ जहाजातून पृथ्वीप्रदक्षिणा करून ते परतले, आणि थोड्याच काळात प्रकृतीच्या ज्या तक्रारी सुरू झाल्या त्या पुढे कित्येक दशके टिकल्या. पोटात वायू धरणे, ओकाऱ्या, छातीत धडधड, डोकेदुखी, अंगावर खाज. चार मंडळींशी तासभर उत्साहाने बोलणे झाले तरी रात्र वाईट जावयाची. त्या काळच्या नामांकित डॉक्टरांनी त्यांना तपासले. कोणी अपचन म्हटले, कोणी अंगात दबलेला संधिवात आहे असे सांगितले. १८४९ साली ते माल्व्हर्न येथे डॉ. गली यांच्या जलोपचारासाठी सहकुटुंब जाऊन राहिले. थंड पाण्याने अंग घासणे, ओल्या कापडाचे पट्टे बांधणे आणि साखर, लोणी, मसाले बंद! गोडाची आवड असलेल्या या गृहस्थाने त्याबद्दल आपल्या बहिणीस पत्रातून गमतीने तक्रारही केली. पुढे १८६५ साली एका डॉक्टरने त्यांच्या पाठीच्या कण्यावर बर्फाची पिशवी ठेवविली. त्याचाही उपयोग झाला नाही.

आता आपल्या कामाची गोष्ट. घरखर्चाचा आणि गुंतवणुकीचा हिशेब डार्विन वर्षानुवर्षे लिहीत असत. त्याच शिस्तीने १८४९ च्या जुलैपासून १८५५ च्या जानेवारीपर्यंत त्यांनी आपल्या प्रकृतीची रोजची नोंद ठेविली. दिवस कसा गेला, रात्री वायूचा त्रास किती वेळा झाला, कोणता उपचार चालू होता, हे एकेका ओळीत. चांगल्या दिवसांना वेगळी खूण, आणि मग त्या खुणांची बेरीज. ही पोटाची रोजकीर्दच म्हणावयाची.

रोजकीर्द लिहून रोग बरा झाला काय? नाही झाला. पण आपल्या भांडवलात खरी शिल्लक किती, हे त्यांना कळले. सकाळचे तास उत्तम जातात असे दिसल्यावर महत्त्वाचे लेखन त्यांनी सकाळच्या दोन बैठकींत बसविले. दुपारी बागेच्या कडेच्या वाटेवर ठरलेल्या फेऱ्या, मग पत्रे, विश्रांती, आणि पत्नी एमा यांनी वाचून दाखविलेली कादंबरी. पाहुण्यांच्या भेटी त्यांनी मोजक्या ठेविल्या. समुद्रातील शिंपल्यासारख्या कवचाच्या बार्नकल नामक प्राण्यांवरील ग्रंथास त्यांना आठ वर्षे लागली, त्यांतील सुमारे दोन वर्षे आजारपणात बुडाली असे त्यांनी स्वतःच मांडून ठेविले आहे. व्यापारी ज्याप्रमाणे बुडीत रक्कम निराळी दाखवितो, तसेच हे. उरलेल्या सहा वर्षांत काम पुरे झाले. १८५९ च्या नोव्हेंबरात त्यांचा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ बाहेर पडला तेव्हाही ते जलोपचारासाठी परगावी होते. १८८२ साली, त्र्याहत्तराव्या वर्षी, ते निवर्तले. अखेरच्या दशकात पोटाचा त्रास बराच उणावला होता.

त्यांना नेमके काय झाले होते, हे अद्याप कोणी निश्चित सांगू शकलेले नाही. १९५९ साली सॉल अ‍ॅडलर यांनी दक्षिण अमेरिकेतील एका कीटकाच्या दंशाने होणाऱ्या रोगाची शक्यता मांडली; तसा कीटक १८३५ साली आपणास चावल्याचे डार्विन यांनीच लिहून ठेविले होते. २००५ साली अन्य संशोधकांनी दुधातील साखर न पचण्याचा दोष सुचविला. मतैक्य मात्र नाही.

आज निदान झाले नाही म्हणजे रोग खोटा, असे म्हणणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. जठरातील व्रण हा काळजी करणाऱ्या आणि तिखट खाणाऱ्या माणसाचा रोग, असे कित्येक दशके सांगितले गेले. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी त्यामागे जंतू असल्याचे दाखविले. कोणी मानीना तेव्हा मार्शल यांनी १९८४ साली ते जंतू स्वतः पिऊन आपल्या जठरास दाह करून घेतला! २००५ साली दोघांस नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरी गोष्ट गव्हाची. काही मुले खाऊनपिऊनही वाळत जात. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये अन्नटंचाई होऊन पाव मिळेनासा झाला तेव्हा अशी मुले सुधारली आणि पाव परत येताच बिघडली, हे विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांनी पाहिले. गव्हावरचा त्यांचा जुना संशय पक्का झाला. सीलिअ‍ॅक नावाचा हा रोग उत्तर भारतात विशेष आढळतो, तरी आपल्याकडे नाहीच असे समजू नये. त्याच्या रक्ततपासणीपूर्वी गहू सोडू नये. सोडल्यास तपासणी फसते.

ज्यांच्या आतड्यात व्रण, गाठ वा सूज काहीच दिसत नाही, त्यांतील पुष्कळांचे दुखणे आज ‘आय. बी. एस.’ या नावाखाली येते. गेले तीन महिने सरासरी आठवड्यातून एक दिवस तरी पोट दुखणे, आणि त्या दुखण्याचा शौचाशी, त्याच्या वेळांशी किंवा स्वरूपाशी संबंध असणे, अशी त्याची सर्वसाधारण खूण २०१६ पासून मानली जाते. आतड्याच्या भिंतीत दहा कोटींच्या आसपास किंवा त्याहून अधिक मज्जापेशी असतात आणि त्यांचे मेंदूशी सतत दळणवळण चाललेले असते. ते बिघडले तर दुर्बिणीत काहीच दिसत नाही. टेलिफोनची तार शाबूत असून आवाज फुटावा तसे. काळजीने हे दुखणे वाढते हे खरे. म्हणून ते काळजीतूनच निर्माण झाले, किंवा काल्पनिक आहे, असा अर्थ काढणे हा मात्र शुद्ध अन्याय होय.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे वळू. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठातील संशोधकांनी २००५ च्या सुमारास असे मांडले की, काही शर्करायुक्त द्रव्ये लहान आतड्यात नीट शोषली जात नाहीत. ती मोठ्या आतड्यात आंबतात आणि वायू धरतो. अशा पदार्थांत कांदा आणि लसूण अग्रभागी आहेत. आपल्या घरांत हे दोन्ही निषिद्ध. तो निषेध अहिंसेच्या विचारातून आला आहे, पोटाच्या नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण घरी बरे असलेल्या माणसाचे बाहेरगावच्या खानावळीत पोट का बिघडते, याचा एक उलगडा येथे होतो. मात्र याच यादीत गहू, हरभरा, राजमा आणि दूधही आहे. आणि त्यांवर तर आपला स्वयंपाक उभा आहे. दूध सोसत नाही त्याला दही पुष्कळदा सोसते, कारण विरजणातील जंतू दुधातील साखर काही अंशी आधीच पचवितात. तुपात तर ती जवळजवळ नसतेच. किराणा व्यापाऱ्यांस ठाऊकच आहे की बांधानी हिंगात पुष्कळदा मैदा मिसळलेला असतो. सीलिअ‍ॅकच्या रोग्यास हे सांगणे दुकानदाराचे काम आहे.

पदार्थ सोडण्याची रीत आपणास नवी नाही. बाह्य तपांत अवमौदर्य, म्हणजे पोटास थोडी जागा ठेवून जेवणे, आणि रसपरित्याग, म्हणजे दूध, दही, तूप, तेल, गोड, मीठ यांतील रसांचा त्याग, हे सांगितलेच आहे. त्याचा हेतू आत्मशुद्धी. रोग्याने तीच शिस्त प्रयोगासाठी वापरावी. एका वेळी एकच पदार्थ दोन-तीन आठवडे सोडावा, मग थोडा थोडा घेऊन पाहावे. फरक न पडल्यास तो पुन्हा ताटात यावा. ही शेवटची पायरी लोक गाळतात. आज दूध, उद्या डाळ, परवा गहू असे करीत वर्षअखेर रोगी भात आणि ताकावर येतो आणि हाडे दिसू लागतात. त्यातून शाकाहारी माणसास बी-१२ हे जीवनसत्त्व मुख्यत्वे दूधदुभत्यातूनच मिळते. तेही सुटले, आणि जोडीला आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या किंवा मधुमेहावरील मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे चालू असली, तर हातापायांस मुंग्या, जीभ लाल होणे, थकवा हे नवे दुखणे जुन्यावर चढते. त्याची रक्ततपासणी करून घ्यावी. ज्याचे वजन घटत आहे किंवा ज्याला मधुमेहाची औषधे चालू आहेत, त्याने पर्वातील उपवासही डॉक्टरांस विचारूनच करावेत.

इसबगोलाचा भुसा, ज्याची उंझ्याची बाजारपेठ आपणा सर्वांस परिचित आहे, तो मलावरोध आणि पातळ शौच या दोहोंत उपयोगी पडतो असे आजचे डॉक्टरही मानतात. अल्प प्रमाणात सुरुवात करून भरपूर पाण्यासह घ्यावा. गव्हाचा कोंडा मात्र पुष्कळांचे पोट अधिकच फुगवितो. अंगदुखीच्या गोळ्या दुकानात बसल्या बसल्या घेण्याची सवय जठरास घातक आहे.

रोजकीर्दीत काय लिहावे? वेळ, पदार्थ, त्रास, झोप, शौचाचे स्वरूप, घेतलेले औषध आणि त्या दिवशी बाजारात काही विशेष ताण पडला असल्यास तोही. चार आठवडे पुरेत. मग आपण रोजकीर्दीवरून खतावणी घालतो त्याप्रमाणे एकेका पदार्थाचे खाते उघडून पाहावे. पुष्कळदा असे दिसते की ज्याच्या नावे आपण वर्षभर रक्कम टाकीत होतो ते खाते निर्दोष आहे, आणि खरा देणेकरी सकाळपासून रिकाम्या पोटी घेतलेला सात कप चहा आहे. ही खतावणी एका पानावर उतरवून डॉक्टरांकडे न्यावी. पाच मिनिटांच्या भेटीत तोंडी सांगितलेल्या कहाणीपेक्षा ती अधिक बोलते.

परंतु काही लक्षणांची नोंद करीत बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा: शौचातून रक्त, डांबरासारखा काळा मळ, अन्न घशाखाली न उतरणे, न थांबणाऱ्या ओकाऱ्या. कारणावाचून वजन घटणे, रोजचा बारीक ताप, रक्तक्षय, दुखण्याने झोपेतून जाग येणे, पन्नाशीच्या आसपास प्रथमच शौचाची सवय बदलणे, घराण्यात आतड्याचा कर्करोग असणे, ही लक्षणे असता आठवडाही दवडू नये. आपल्या देशात आतड्याचा क्षय अद्याप आढळतो, आणि क्रोन या दुसऱ्या रोगाशी त्याचे साम्य इतके की निष्णात डॉक्टरही काही काळ निर्णय देऊ शकत नाहीत. जुना ‘नॉर्मल’ कागद नव्या लक्षणास लागू नसतो. दोन वर्षांपूर्वीच्या दराने आज कोणी माल विकील काय?

राहता राहिली पंगत. यजमानाने हात आडवा असताना वाढलेला लाडू हा आपल्याकडे प्रेमाचा पुरावा समजला जातो. पोटाच्या रोग्यास तो दोन दिवसांची शिक्षा असते. त्याने एकदा ‘पुरे’ म्हटले की वाढप्याने पुढे जावे. आणि पुरुषमंडळी निदान बोलून तरी दाखवितात. सर्वांच्या मागून, उरलेले आणि निवलेले जेवणाऱ्या सूनबाईच्या पोटात दुखते तेव्हा ती ओव्याचे पाणी पिऊन कामाला लागते. नव्या वह्या आणाल तेव्हा एक लहान वही तिच्यासाठीही आणावी, आणि तिने लिहिलेले सासूबाईंनी नव्हे, डॉक्टरांनी वाचावे.