दोष हाताचा की कंट्रोलरचा?

आपल्या घरी नातवंडे असतील, तर टीव्हीसमोर पडलेला व्हिडिओ गेमचा कंट्रोलर आपण पाहिलाच असेल. दोन्ही हातांत धरायची, दोन मुठींची ती वस्तू. बहुतेक आजी-आजोबा तिला ‘गेमचा रिमोट’ म्हणतात. ती मुलांची वस्तू, आपला तिच्याशी काय संबंध, असे वाटणे स्वाभाविक आहे. आमच्या घरीही तसेच वाटत होते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या सासऱ्यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला आणि डाव्या हाताची शक्ती कमी झाली. फिजिओथेरपिस्टने सांगितलेले व्यायाम ते नेमाने करीत, परंतु स्पंजचा चेंडू दाबून दाबून कंटाळून जात. तेव्हा नातवाने आजोबांना मोटारींच्या शर्यतीच्या खेळात ओढले. फिजिओथेरपिस्टनेही संमती दिली. काही आठवडे मोठ्या आनंदात गेले. मग गाडी डावीकडे जाऊ लागली. सरळ रस्त्यावरही ती हळूहळू सरके आणि कठड्यावर आदळे. एके दिवशी त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि म्हणाले, “हात पुन्हा गेला वाटतं.”

आम्ही त्याच घटकेला त्यांना डॉक्टरांकडे नेले. तपासणीत नवीन काहीही आढळले नाही. रात्री नातवाने तोच कंट्रोलर टेबलावर ठेवून खेळ सुरू केला. कोणाचाही हात लागलेला नसताना गाडी डावीकडेच वळली. दोष यंत्राचा होता. आजोबा मात्र चार दिवस तो स्वतःच्या हाताला देत राहिले होते.

वयस्कर व्यक्तीसाठी कंट्रोलर निवडताना चोखंदळ का असावे, याचे कारण मला तेव्हा समजले. मुलाच्या हातातला कंट्रोलर बिघडला की मूल कंट्रोलरला शिव्या घालते. आजारातून उठलेला माणूस स्वतःच्या शरीरावर संशय घेतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट करते. व्हिडिओ गेम हे औषध नव्हे. २०१६ साली ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात पक्षाघाताच्या १४१ रुग्णांवरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला काहींना टीव्हीवरील खेळ दिले, तर काहींना पत्त्यांसारखे साधे खेळ. हाताच्या सुधारणेत टीव्हीवरील खेळ वरचढ ठरले नाहीत. तेव्हा घरात रमीचा डाव रंगत असेल, तर कन्सोल विकत आणण्याची काहीही गरज नाही. पण नातवंडांमुळे कन्सोल घरात आहेच आणि आजोबांना त्यात रस आहे, तर हाती येणारे साधन तरी धड असावे.

मूळ कंपनीचा कंट्रोलर महाग असतो, म्हणून बहुतेक कुटुंबे थर्ड-पार्टी, म्हणजे कन्सोल बनविणाऱ्या कंपनीखेरीज अन्य कंपनीने बनविलेला, वायरलेस कंट्रोलर घेतात. त्यात कमीपणा काहीच नाही. काही बाबतींत असे कंट्रोलर मूळ कंपनीपेक्षा सरस असतात. मात्र थर्ड-पार्टी आणि नकली यांत घोळ करू नये. स्वतःचे नाव छापून, हमी देऊन विकणारी कंपनी वेगळी आणि प्रसिद्ध कंपनीचे बोधचिन्ह चोरून विकला जाणारा माल वेगळा. नामांकित कंपनीचा कंट्रोलर कोणी निम्म्याहून कमी किमतीत ‘ओरिजिनल’ म्हणून देत असेल, तर तो घेऊ नये.

आता त्या डावीकडे जाणाऱ्या गाडीचे रहस्य. कंट्रोलरवर अंगठ्याने फिरवायच्या दोन लहान दांड्या असतात. त्यांना स्टिक म्हणतात. जुन्या रेडिओची आवाजाची खुंटी फिरवताना खरखर होत असे, ते आपल्याला आठवत असेल. त्या खुंटीत कार्बनच्या पट्टीवर धातूची जीभ घासत असे आणि पट्टी झिजली, धूळ बसली की आवाज बिघडे. बहुतेक कंट्रोलरच्या स्टिकमध्ये आजही याच जातीचा भाग असतो. तो झिजला की अंगठा काढून घेतल्यावरही कंट्रोलर ‘वळा, वळा’ असा संदेश देत राहतो. खेळणारी मुले याला ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. यावर उपाय म्हणजे हॉल इफेक्ट स्टिक. एडविन हॉल या अमेरिकी शास्त्रज्ञाने १८७९ साली शोधलेल्या तत्त्वावर ती चालते. दांडीच्या बुडाशी लहानसे चुंबक असते आणि त्याची हालचाल संवेदक स्पर्शाविनाच टिपतो. घासणेच नाही, त्यामुळे त्या जागी झीजही नाही. टीएमआर नावाचा प्रकारही चुंबकावरच चालतो. गंमत अशी, की मूळ कंपन्यांच्या अनेक महागड्या कंट्रोलरमध्ये घासणारी पट्टी असते आणि कमी किमतीच्या थर्ड-पार्टी कंट्रोलरमध्ये हॉल इफेक्ट मिळते. खोक्यावर हे शब्द शोधावेत. काही कंपन्या केवळ ट्रिगरमध्ये, म्हणजे तर्जनीने दाबायच्या मागच्या बटणांत, हॉल इफेक्ट वापरतात आणि खोक्यावर ते मोठ्या अक्षरांत छापतात. तेव्हा ‘स्टिक’ असा स्पष्ट उल्लेख आहे ना, हे पाहावे.

चुंबक म्हटले की पेसमेकर असलेल्यांनी सावध व्हावे. कंट्रोलरमधली चुंबके लहान असतात आणि मांडीवर धरून खेळताना ती छातीपासून दूरच राहतात. तरीही मोबाइलसारख्या उपकरणांसाठी सांगितला जाणारा निदान १५ सेंटिमीटर अंतराचा नियम येथेही पाळावा. पलंगावर पडून छातीवर कंट्रोलर टेकवून खेळू नये आणि हृदयरोगतज्ज्ञांना एकदा विचारून घ्यावे.

यानंतरची परीक्षा आपल्या हाताने करायची आहे. खोक्यावरील आकडे तेथे उपयोगी पडत नाहीत. ‘सेकंदाला हजार वेळा संदेश’ या जाहिरातीचा आजोबांना काडीचाही फायदा नाही. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असेल, तर बटण किती जोराने दाबावे लागते, हे महत्त्वाचे. दुकानात प्रत्येक बटण दहा-दहा वेळा दाबून पाहावे. अंगठा दुखू लागला, तर तो कंट्रोलर आपला नव्हे. वजनही पाहावे. प्लेस्टेशन ५चा मूळ कंट्रोलर सुमारे २८० ग्रॅम भरतो. अर्धा तास धरून ठेवायला अशक्त मनगटाला हे ओझे जाणवते. थर्ड-पार्टीत त्याहून हलके पुष्कळ मिळतात. फक्त हलकेपणा पोकळ नसावा. दोन्ही मुठी धरून किंचित पिळल्यास प्लास्टिक करकरता कामा नये. हातात कंप पावणारी मोटर अनेकांना नकोशी वाटते. ती बंद करण्याची सोय आहे का, हे विचारावे. बोटे पुरेशी हलत नसतील, तर एटबिटडू कंपनीचा ‘लाइट एसई’ पाहण्याजोगा आहे. त्यात मागची बटणेही वरच्या पृष्ठभागावर आणली आहेत, त्यामुळे तो टेबलावर ठेवून खेळता येतो.

वायरलेसचे दोन प्रकार असतात. एक ब्लूटूथचा, दुसरा यूएसबीच्या भोकात बसविण्याच्या छोट्या रिसीव्हरचा. दुसऱ्यात बटण दाबणे आणि पडद्यावर हालचाल होणे यांतला विलंब सहसा कमी असतो, म्हणून तो मला अधिक पसंत आहे. संपर्क तुटत असेल, तर रिसीव्हर टीव्हीच्या किंवा कन्सोलच्या मागून काढून पुढच्या बाजूला लावावा. मध्ये धातू आणि शेजारी हार्ड डिस्क नसली की पुष्कळदा तेवढ्याने भागते. खरेदीपूर्वी कन्सोलचे नेमके नाव दुकानदाराला सांगावे. प्लेस्टेशन ४चा कंट्रोलर प्लेस्टेशन ५चे स्वतःचे खेळ चालवीत नाही आणि मायक्रोसॉफ्टने तर नोव्हेंबर २०२३पासून परवाना नसलेले कंट्रोलर एक्सबॉक्सवर अडविण्यास सुरुवात केली. आज चालतो, तो उद्या चालेलच असे नाही.

बॅटरीविषयी थोडक्यात. लिथियम बॅटरीवर भारतीय मानक ब्यूरोचा, ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा; तो ‘बीआयएस केअर’ अॅपवर तपासता येतो. कंट्रोलरची शिवण उकलू लागली, पाठ फुगीर दिसू लागली, तर चार्जिंग तत्काळ थांबवावे.

कंट्रोलर घरी आला की परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी एक चाचणी करावी. विंडोज संगणकाला तो जोडून ‘गेम कंट्रोलर्स’ची खिडकी उघडावी. तेथे चौकटीत एक फुली दिसते. स्टिक सर्व बाजूंना फिरवून सोडून द्यावी. फुली दर वेळी मध्यावर परतली पाहिजे. संगणक नसेल, तर आमच्या नातवाची टेबलाची युक्ती पुरेशी आहे.

मात्र ही युक्ती केवळ कंट्रोलरची तपासणी करते, माणसाची नव्हे. टेबलावर ठेवलेल्या कंट्रोलरने गाडी सरळ जाते आणि हातात घेतल्यावर भरकटते, किंवा बोलणे अडखळते, ओठ एका बाजूला झुकतो, उचललेला हात खाली येतो, असे काही अचानक दिसले, तर टेबलाच्या भानगडीत न पडता रुग्णालय गाठावे. मेंदूतील गुठळी विरघळविणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. आधी डॉक्टर, मग कंट्रोलर. आम्ही त्या दिवशी याच क्रमाने गेलो.

आमच्याकडे आता हॉल इफेक्टचा एक साधा, काळा कंट्रोलर आहे. आजोबा खेळायला बसले की तो प्रथम टेबलावर ठेवतात, दहापर्यंत आकडे मोजतात आणि गाडी जागची हलली नाही की नातवाला हाक मारतात.