आवडीचा विषय आणि उपजीविकेची शाश्वती : कुंभकोणमच्या अनुभवाचा अर्थ

उच्च शिक्षणासाठी विषयाची निवड हा विद्यार्थ्याच्या आयुष्यातील बहुधा पहिला मोठा आर्थिक निर्णय असतो. तरीही त्याची चर्चा आर्थिक भाषेत क्वचितच होते. आवडीच्या विषयाकडे वळणाऱ्यास कोणी धाडसी म्हणतो, तर कोणी बेफिकीर. नोकरीची हमी पाहणारा काहींना व्यवहारी वाटतो, तर काहींना भित्रा. अशा रीतीने एक सामाजिक प्रश्न व्यक्तीच्या स्वभावाचा प्रश्न बनतो. वस्तुतः या निवडीच्या मुळाशी असलेला प्रश्न वेगळा आहे. शिक्षणातील गुंतवणुकीचे फळ अनिश्चित असते. ते मिळेपर्यंतचा खर्च आणि न मिळाल्यास होणारे नुकसान कोणी सोसायचे, हा तो प्रश्न होय. तंजावरच्या भोसले राजघराण्यामुळे मराठी वाचकाला परिचित असलेल्या प्रदेशात, कावेरीकाठच्या कुंभकोणम या गावी, विसाव्या शतकाच्या आरंभी घडलेल्या घटनांमधून हा प्रश्न स्पष्टपणे समजून घेता येतो.

३२ रुपयांचे शुल्क

श्रीनिवास रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी इरोड येथे झाला. बालपण मात्र कुंभकोणमच्या सारंगपाणी सन्निधी मार्गावरील छोट्याशा घरात गेले. वडील कापडाच्या पेढीवर कारकून होते व त्यांचे मासिक वेतन सुमारे २० रुपये होते. टाउन हायस्कूलमध्ये रामानुजन हुशार विद्यार्थी म्हणून ओळखले जात. १९०३ च्या सुमारास कार यांचे गणितातील सूत्रांचे पुस्तक त्यांच्या हाती आले आणि त्यानंतर अन्य विषयांवरून त्यांचे लक्ष उडाले. १९०४ मध्ये त्यांनी शिष्यवृत्तीसह कुंभकोणमच्या शासकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. परंतु इंग्रजी निबंधलेखनात ते अनुत्तीर्ण झाले आणि शिष्यवृत्ती बंद झाली. महाविद्यालयाचे एका सत्राचे शुल्क ३२ रुपये होते. म्हणजे वडिलांची सुमारे दीड महिन्याची कमाई.

१९०५ मध्ये ते घर सोडून विशाखापट्टणमला निघून गेले. पुढे मद्रासच्या पचैयप्पा महाविद्यालयात प्रवेश मिळाला. तेथेही गणिताखेरीज अन्य विषयांत अपयश आल्याने एफ. ए. परीक्षा ते उत्तीर्ण होऊ शकले नाहीत. १९०९ मध्ये जानकी यांच्याशी विवाह झाला आणि अर्थार्जनाची निकड वाढली. हाती पदवी नव्हती व गणिताच्या वह्यांना बाजारात मोल नव्हते.

या प्रसंगातून शिष्यवृत्तीच्या रचनेसंबंधी एक महत्त्वाचा मुद्दा पुढे येतो. सर्व विषयांत उत्तीर्ण होण्याची अट प्रशासनाच्या दृष्टीने सोयीची व वरवर न्याय्य असते. मात्र ज्याचे सामर्थ्य एकाच विषयात एकवटले आहे, त्याची सर्व जोखीम ही अट कुटुंबावर टाकते. सधन घरातील मुलास असे अपयश एका वर्षाचा विलंब ठरते. २० रुपये वेतनाच्या घरात तेच अपयश शिक्षणाचा शेवट ठरू शकते.

अर्थशास्त्रीय दृष्टिकोन

थिओडोर शुल्ट्झ आणि गॅरी बेकर यांनी १९६० च्या दशकात ‘मानवी भांडवल’ ही संकल्पना रूढ केली. शिक्षणावरील खर्च ही गुंतवणूक असून वाढीव उत्पन्न हा तिचा परतावा, असे या विचाराचे थोडक्यात स्वरूप आहे. शुल्काबरोबरच शिक्षणाच्या काळात बुडालेली कमाई, म्हणजेच संधी खर्च, हाही या गुंतवणुकीचा भाग असतो. गरीब कुटुंबासाठी अनेकदा शुल्कापेक्षा हाच भाग जड असतो.

मानवी भांडवल व अन्य भांडवल यांत एक मूलभूत भेद आहे. जमीन किंवा यंत्र तारण ठेवता येते. माणसाचे ज्ञान तारण ठेवता येत नाही. त्यामुळे सावकार किंवा बँक जमिनीवर जितक्या सहजतेने कर्ज देते, तितक्या सहजतेने बुद्धीवर देत नाही. मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ मध्येच ही उणीव दाखवून दिली होती. विद्यार्थ्यास द्रव्य पुरवावे व भविष्यातील उत्पन्नाच्या प्रमाणात परतफेड घ्यावी, असा उपायही त्यांनी सुचविला होता. ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून या तत्त्वावर आधारलेली योजना अमलात आणली. उत्पन्न विशिष्ट मर्यादेच्या वर गेल्यावरच तेथे परतफेड सुरू होते.

दुसरा मुद्दा सरासरी आणि चढउतार यांच्यातील फरकाचा आहे. दोन अभ्यासक्रमांपासून मिळणारे सरासरी उत्पन्न समान असू शकते. परंतु एकात बहुतेकांना सरासरीच्या आसपास वेतन मिळते, तर दुसऱ्यात थोड्यांना पुष्कळ व बाकीच्यांना अत्यल्प. ज्या घरी शेती, बचत किंवा दुसऱ्या कोणाची कमाई आहे, तेथील विद्यार्थी दुसरा मार्ग पत्करू शकतो. ज्या घरी पुढील महिन्याचा हिशेब जुळवावा लागतो, तेथे पहिलाच मार्ग शहाणपणाचा ठरतो. म्हणून सुरक्षित अभ्यासक्रम निवडणाऱ्यास आवड कमी आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होय. त्याच्याजवळ नुकसान सोसण्याची क्षमता कमी असते, इतकेच.

फुरसतीची किंमत कोणी दिली?

रामानुजन यांच्या आयुष्यातील १९१० ते १९१४ हा काळ या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. भारतीय गणित संस्था १९०७ मध्ये स्थापन झाली होती आणि तिचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते. संस्थेचे संस्थापक व्ही. रामस्वामी अय्यर हे महसूल खात्यात उपजिल्हाधिकारी होते. रामानुजन त्यांच्याकडे नोकरी मागण्यास गेले. वह्या पाहिल्यानंतर अशा प्रतिभेस महसूल खात्याच्या खालच्या पायरीवर कोंडणे त्यांना योग्य वाटले नाही व त्यांनी मद्रासमधील परिचितांकडे शिफारस केली. नेल्लोरचे जिल्हाधिकारी आर. रामचंद्र राव यांनी काही काळ दरमहा २५ रुपये स्वतःच्या खिशातून दिले. रामानुजन यांची अपेक्षा संपत्तीची नव्हती. जेवणाची चिंता न करता गणित करता यावे, एवढीच होती.

परंतु व्यक्तीच्या औदार्यावर फार काळ अवलंबून राहणे रामानुजन यांनाच रुचले नाही. १ मार्च १९१२ पासून ते मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा ३० रुपयांवर कारकून झाले. तेथील वरिष्ठ अधिकारी नारायण अय्यर स्वतः गणिताचे अभ्यासक होते व अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांचीही सहानुभूती होती. या नोकरीत असतानाच, जानेवारी १९१३ मध्ये, त्यांनी केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना आपले प्रसिद्ध पत्र लिहिले. म्हणजे ज्या पत्राने त्यांचे आयुष्य बदलले, ते एका वेतनधारक कारकुनाचे पत्र होते.

त्यानंतर मद्रास विद्यापीठाने मे १९१३ पासून त्यांना दरमहा ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली. नियमानुसार ही शिष्यवृत्ती पदव्युत्तर पदवीधारकासच मिळावयाची होती. रामानुजन यांच्याकडे पदवीच नव्हती. विद्यापीठाने नियम शिथिल केला, मात्र दर तीन महिन्यांनी कामाचा अहवाल सादर करण्याची जबाबदारी ठेवली. १९१४ मध्ये इंग्लंडला जाताना विद्यापीठाने वार्षिक २५० पौंड मंजूर केले, त्यांपैकी ५० पौंड घरच्यांच्या निर्वाहासाठी राखून ठेवण्यात आले. ट्रिनिटी महाविद्यालयाने आणखी ६० पौंड दिले. घरासाठी राखलेल्या या ५० पौंडांमुळे विद्यार्थ्याच्या संधी खर्चाची भरपाई सार्वजनिक निधीतून झाली.

एका यशावरून नियम काढता येत नाही

१९१८ मध्ये रामानुजन रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. या यशाचा दाखला देऊन ‘आवड जोपासा, पैसा आपोआप येईल’ असे सांगितले जाते. हा निष्कर्ष सदोष आहे. ज्यांची पत्रे अनुत्तरित राहिली, ज्यांना रामचंद्र राव भेटले नाहीत, त्यांची नोंद इतिहासात नाही. ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्येच अशा व्यवसायांची तुलना सोडतीशी केली होती. स्वतःच्या यशाची शक्यता प्रत्यक्षाहून अधिक मानण्याकडे तरुणांचा कल असतो, हेही त्यांनी नमूद केले होते.

खुद्द रामानुजन यांच्या कुटुंबासही पुरेशी शाश्वती लाभली नाही. २६ एप्रिल १९२० रोजी वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. जानकी काही वर्षे मुंबईस भावाकडे राहिल्या, तेथे शिवणकाम शिकल्या आणि मद्रासला परतल्यावर विद्यापीठाच्या अल्प निवृत्तिवेतनास शिवणकामाची जोड देऊन त्यांनी निर्वाह केला. १९९४ मध्ये त्या निवर्तल्या. गणितास मिळालेल्या लाभाची किंमत कोणी किती काळ चुकविली, हे या ७४ वर्षांवरून दिसते.

देवळालीचा मार्ग

महाराष्ट्रातील द. रा. कापरेकर यांचे उदाहरण याच प्रश्नाचे दुसरे उत्तर देते. १९०५ मध्ये डहाणू येथे जन्मलेले कापरेकर फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी. पदवीनंतर १९३० ते १९६२ या काळात ते देवळाली येथे शाळेत शिक्षक होते. संख्यांचे गुणधर्म शोधण्याचा छंद त्यांनी नोकरी सांभाळून जोपासला. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिच्या अंकांच्या उतरत्या मांडणीतून चढती मांडणी वजा करावी आणि उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करावी. जास्तीत जास्त सात वेळा ही क्रिया केल्यास ६१७४ ही संख्या मिळते. ती आज ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखली जाते. अमेरिकेतील लेखक मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये त्यांच्या कार्याविषयी लिहिल्यानंतर त्यांचे नाव जगभर पोहोचले.

शिक्षकाच्या वेतनाने कापरेकरांना शाश्वती दिली. त्या बदल्यात संशोधनासाठी फक्त उरलेला वेळ मिळाला. हा मार्ग दुय्यम मानण्याचे कारण नाही. मात्र तो सर्व विषयांना लागू पडत नाही. संख्याशास्त्राचा छंद कागद-पेन्सिलीवर जोपासता येतो. प्रयोगशाळा लागणारे रसायनशास्त्र किंवा रोजचा रियाज मागणारे संगीत संध्याकाळच्या दोन तासांत क्वचितच बसते.

आजची व्यवस्था

स्वातंत्र्योत्तर काळात जोखमीचा काही भार शासनाने उचलला आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘इन्स्पायर’ योजनेत मूलभूत विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना वार्षिक ८० हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक गुणवत्ताप्राप्त संस्थांमधील विद्यार्थ्यांना तारण व जामीन यांविना कर्ज मिळते. इतर व्याज सवलतींचा लाभ न घेणाऱ्या, ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात व परतफेड सुरू होईपर्यंत तीन टक्के व्याज सवलतीची तरतूद आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने अभ्यासक्रम मध्येच सोडून पुन्हा प्रवेश घेण्याची मुभा दिली. त्यामुळे चुकलेल्या निवडीची किंमत कमी होऊ शकते.

तथापि उणिवा शिल्लक आहेत. कर्जाची परतफेड ठरावीक हप्त्यांत करावयाची असल्याने ते निश्चित वेतनाच्या अभ्यासक्रमांनाच अधिक सोयीचे ठरते. भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान, कला यांचा विद्यार्थी कर्ज घेण्यास स्वाभाविकच कचरतो. उत्पन्नाशी निगडित परतफेडीचा विचार आपल्याकडे म्हणूनच अगत्याचा आहे. शिवाय शिष्यवृत्ती हाती पडण्यास विलंब झाला, तर गरीब विद्यार्थ्याच्या दृष्टीने तिचे मोल निम्मे होते.

निवडीचे निकष

सुरक्षित समजला जाणारा मार्ग खरोखर सुरक्षित आहे का, हेही तपासणे आवश्यक आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी सुमारे १० लाख १६ हजार अर्ज आले, सुमारे ५ लाख ९२ हजार उमेदवार पूर्वपरीक्षेस बसले आणि १,०१६ जणांची शिफारस झाली. पदावर पोहोचल्यानंतरची शाश्वती मोठी आहे. पदापर्यंतच्या वाटेत ती नाही. तयारीत गेलेली वर्षे हीदेखील जोखमीची गुंतवणूकच होय. आवडीच्या विषयाला जे प्रश्न विचारले जातात, तेच स्पर्धा परीक्षेच्या तयारीलाही विचारले पाहिजेत.

असे प्रश्न प्रामुख्याने तीन आहेत. पहिला, अपयश आल्यास भार कोणावर पडेल आणि तो किती महिने पेलता येईल? याचे उत्तर घरातील सर्वांशी बोलून, आकड्यांत काढावे. दुसरा, परतीचा मार्ग कोणता? पदवी, शिक्षकाची पात्रता, लेखा किंवा संगणकाचे कौशल्य यांपैकी काही हाती असल्यास मोठी जोखीमही आटोक्यात राहते. तिसरा, आवड विषयाची आहे की विषयाच्या प्रतिष्ठेची? ज्या विषयाचे कंटाळवाणे कामही मन लावून केले जाते, ती आवड टिकण्याची शक्यता अधिक असते.

विद्यार्थ्याने हा हिशेब करावा. परंतु समाजाची जबाबदारी त्यामुळे संपत नाही. रामानुजन यांना याची जाणीव होती. मद्रास विद्यापीठाने वार्षिक २५० पौंडांचे वेतन देऊ केले, तेव्हा जानेवारी १९१९ मध्ये इंग्लंडमधून आभाराचे पत्र लिहिताना त्यांनी ही रक्कम आपल्या गरजेपेक्षा अधिक असल्याचे कळविले. आवश्यक खर्च व आईवडिलांचे ५० पौंड वगळून उरणारी रक्कम गरीब व अनाथ मुलांचे शालेय शुल्क कमी करण्यासाठी आणि पुस्तकांसाठी वापरावी, अशी त्यांची इच्छा होती. शुल्काअभावी शिक्षण तुटणे म्हणजे काय, हे कुंभकोणमच्या महाविद्यालयाने त्यांना चौदा वर्षांपूर्वी दाखविले होते.